गवताचं पाणी

"पाइप खाली ठेवा. ते पाणी लॉनचं आहे."

सुपरवायझर ओरडला नाही. खास पुणेरी थंडपणाने म्हणाला. ओंजळ मी तोंडाशी नेली होती. ऑफिसच्या काचेच्या आत दोन मुली कॉफीचे कप घेऊन बघत होत्या. मी ओंजळ गवतावर रिकामी केली.

हिंजवडीच्या अलीकडे आमचं गाव. या परदेशी कंपनीची पाण्याची लाइन आमच्याच शेतातून गेलेली, आणि मी तिच्या बागेत कामाला. गावात उन्हाळाभर टँकरची वाट. इथे गवत दोन्ही वेळा न्हायचं. मी त्या गवतावर जळायचे. होय, गवतावर! माझ्या लेकीला डोक्यावरून न्हायला पाणी नाही आणि याचा थाट बघा.

त्या उन्हाळ्यात गावाने लाइनवर एक नळ मागितला. ग्रामसभेला कंपनीचे साहेब आले. काही देशांनी मिळून गुंतवणुकीचा करार केलाय, म्हणाले. कंपनीचं ठरलेलं पाणी तोडलं, तर तिच्या अपेक्षेला धक्का लागतो. मग ती परदेशातल्या लवादापुढे सरकारला खेचून भरपाई मागते.

अपेक्षा. कंपनीच्या नुसत्या अपेक्षेसाठी देशच्या देश सह्या करतात. माझी तहान कुणाच्या खिजगणतीत नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. असा हेवा मी सख्ख्या जावेचाही केला नव्हता.

आमच्याकडे सभेत बायका मागे बसतात. काही विचारायचं तर नवऱ्याच्या कानात सांगायचं. मी तशीच उठले.

"आमचीबी अपेक्षा हाय, साहेब. ती कुठल्या करारात हाय?"

साहेब हसले. "बाई, आपण गुंतवणूक काय केलीत?"

सगळी सभा हसली. माझा नवराही हसला. ते जास्त लागलं.

"लाइन जिच्यातनं गेली, ती जमीन," मी म्हणाले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. सरपंचांनी घाईने सत्कार सुरू केला. साहेबांना ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं, कंपनीतली बाई म्हणून. निरांजन पेटलेलं होतं. मी ते फुंकून विझवलं आणि ताट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास काढून घेतला.

नळ अजून आलेला नाही. गवत अजून हिरवं आहे आणि माझी जळजळही तशीच आहे. ती मी विझू देणार नाही. आता सभेत मी पहिल्या रांगेत बसते, माझ्यामागे बाकीच्या बायका. पुढच्या करारावर सही करण्याआधी सरकारला आमची अपेक्षा लिहून घ्यावी लागेल. नाही घेतली, तर लाइन आमच्याच शेतातून जाते.