फ्लॉपीला लावलेलं कुंकू
ओल्या कुंकवाचा वास आला की अजून मी आधी माझी बोटं बघते. दुष्काळाचं साल होतं आणि परंड्याकडच्या एका सहकारी दूध संघात मी कॉम्प्युटरवर नवीन लागले होते. चाऱ्याच्या यादीत ज्या गावात काडीही उरली नव्हती त्याचं नाव लाल छापायचं, म्हणजे पहिला ट्रक तिकडं जायचा. रंगीत रिबनच्या त्या प्रिंटरला लाल रंग कळायचा तो एका फ्लॉपीतल्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅममुळं, आणि फ्लॉपी एकच होती. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर मी तिलाही कुंकू लावलं, ते नेमकं तिच्या उघड्या खाचेत. पदरानं पुसलं तर आणखीच आत गेलं. फ्लॉपी चालेना, यादी सगळी काळी निघाली. दारातून संघाचे साहेब म्हणाले, "बाई, झाली का यादी? ट्रक उभं हायती." हातानं लिहिलेली कच्ची यादी समोर धरून मी पूजेच्या ताटातल्या ओल्या कुंकवानं छापील यादीत काडी न उरलेल्या एकेका गावापुढं ठिपका दिला. साहेबांनी कागद घेतला, त्यांचं बोट लाल झालं. त्यांनी माझ्या बोटांकडं पाहिलं. नोकरी गेली, असंच मला वाटलं. कागद ट्रकवाल्याकडं देत ते एवढंच म्हणाले, "जपून न्या, शाई वली हाय." आता प्रिंटरला रंग आपोआप कळतात, तरी खंडेनवमीला मी कुंकू लावते ते त्याच्या रिकाम्या खोक्याला, तेही कोरडं.