पळणाऱ्याची पाठ

फौजदार चिडले की त्यांचा आवाज खाली जायचा. इतर माणसं रागावली की साऱ्या वाडीला कळायचं, यांचं उलटं. नळावर कुणी दांडगाई केली, वाडीच्या मालकांचा गुमास्ता एखाद्या विधवा भाडेकरणीला जिन्यात अडवून वाटेल ते बोलला, की फौजदार त्या माणसाजवळ जाऊन इतकं हळू बोलत की त्याला मान पुढे करून ऐकावं लागे. ऐकून झालं की तो निमूट चालू लागे.

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत ते आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहत. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं आम्हाला आणि आमचं त्यांना पाठ. पोलीस खात्यात शिपाई म्हणून शिरले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. नाव कुणी घेत नसे. काकूसुद्धा वाण्याला “फौजदारांकडे पाठवा” म्हणून सांगत. एकुलता एक मुलगा वसंत, माझा वर्गमित्र. तो सबइन्स्पेक्टर झाला आणि पहिल्यांदा गणवेश घालून निघाला, तेव्हा फौजदारांनी त्याला उंबऱ्यात थांबवून त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. म्हणाले, “पिस्तूल सरकारचं. पण गोळी सुटली की ती तुझी.” वसंत हसला. आम्हीही हसलो.

त्यांना पळणाऱ्या माणसाबद्दल एक विलक्षण आस्था होती. जन्म गेला होता पळणाऱ्यांच्या मागे धावण्यात. दारूबंदीच्या दिवसांत रे रोडला एक मोटार त्यांच्या हातातून निसटली होती, आत हातभट्टीच्या दारूचे रबरी फुगे भरलेले. बरोबरचा शिपाई म्हणाला, साहेब, झाडा गोळी. फौजदारांनी नंबर पाहून घेतला आणि घरी येऊन जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी माहीमला त्या गाडीवाल्याच्या दाराची कडी वाजवली, तर तो पंचा नेसून तोंडात दंतमंजन घेऊन बाहेर आला. ही गोष्ट ते फार रंगवून सांगत. “गाडीला नंबर असतो रे. नंबराला घर असतं. घरी बायको असते, ती दार उघडते. एवढं असताना रस्त्यात कशाला मारायचं कुणाला?”

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरगावात, लालबागला, परळला गोळ्या सुटू लागल्या. सकाळी फौजदार गॅलरीत उभे राहून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि मधेच थांबत. “‘पळणाऱ्या जमावावर नाइलाजाने गोळीबार.’ जमाव पळत होता ना? मग नाइलाज कुणाचा?” खालची माणसं घाईनं कचेरीची वाट धरत. वाडीत सगळेच चळवळीच्या बाजूचे, पण बहुतेक सरकारी कचेऱ्यांत कारकून. फौजदार पान उलटत.

अशाच एका दुपारी परळला पोलिसांच्या जीपनं एका जुन्या मोटारीला थांबायची खूण केली. आत तीन तरुण होते, सीटखाली चळवळीची पत्रकं आणि खळीची बादली. ते घाबरले आणि त्यांनी गाडी पळवली. जीप मागे लागली. रे रोडजवळ लाकडाच्या वखारींच्या रस्त्यावर जीपमधून गोळी सुटली, मोटारीची मागची काच फोडून मागच्या सीटवरच्या मुलाच्या मानेत घुसली. गाडी वखारीच्या भिंतीवर आदळली. पुढचे दोघे वाचले. मागचा, शरद त्याचं नाव, दादरच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. तो तिथंच गेला. लालबागच्या एका चाळीत त्याची आई होती, दुसरं कुणी नव्हतं.

वाडीला एवढंच ठाऊक होतं. मला मात्र त्या संध्याकाळीच फळ्यांतून कळलं.

“नेम टायरवर होता, बाबा,” वसंत म्हणत होता.

मग फौजदारांचा आवाज आला, मला फळीला कान लावावा लागला. “धावत्या जीपमधून धावत्या गाडीचं टायर? त्याला नेम म्हणत नाहीत. गाडीचा नंबर दिसत होता?”

“दिसत होता.”

“मग?”

“ते थांबले नाहीत.”

“त्याच्या आईकडे जाऊन ये.”

“वरून सांगितलंय, कुणाशी काही बोलायचं नाही.”

“बोलू नकोस. नुसता जाऊन उभा राहा.”

वसंत गेला नाही. आठवड्यानं फौजदार स्वतः गेले. मला बरोबर घेतलं, का ते सांगितलं नाही. त्या चाळीत खोलीबाहेर माणसं बसली होती. फौजदारांनी पायांतले बूट काढले आणि सरळ सांगितलं, “गोळी झाडणारा माझा मुलगा.” एकानं त्यांचा शर्ट छातीशी धरला. फौजदारांनी हात वर केला नाही. आतून म्हातारी आली, तिनं “सोड त्यांका” म्हटलं आणि फौजदारांकडे पाहत राहिली. मग विचारलं, “मगे तो खंय आसा?”

फौजदारांनी मागे जिन्याकडे पाहिलं.

“त्याका घेऊन येवा,” ती म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर ते लालबागपासून ठाकूरद्वारपर्यंत चालत आले. ट्राम रिकामी जात होती, तरी चढले नाहीत.

आमच्या वाडीत देवळाच्या सभामंडपात रविवारी सकाळी वादविवाद होत. त्या महिन्याचा विषय साहजिकच हाच: पळणाऱ्या वाहनावर पोलिसांनी गोळी झाडावी की नाही. मालकांचे थोरले चिरंजीव बापूसाहेब, सॉलिसिटरच्या कचेरीतले, ‘झाडावी’च्या बाजूनं बोलणार होते, आणि खात्यातला माणूस म्हणून फौजदारांनाही त्यांनी आपल्याच बाजूला धरलं होतं. बापूसाहेब छान बोलले. “इशारा झाला, थांबले नाहीत. आता पोलिसांनी काय हात हलवून निरोप द्यायचा? निरपराध माणसाला पळायचं कारण काय? उद्या खुनी पळाला तर त्यालाही जाऊ द्यायचं?” टाळ्या पडल्या. ज्या माणसांनी आदल्याच आठवड्यात मोर्च्यात घोषणा दिल्या होत्या, त्यांनीच वाजवल्या. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे आणि अजून माझं डोकं भणाणतं. एक पोर मेलं होतं आणि हे लोक मुद्दा चांगला मांडला म्हणून टाळ्या देत होते.

फौजदार उठले. इतकं हळू बोलू लागले की मंडपातली कुजबुज थांबली.

“खुनी आहे हे ठाऊक असेल आणि तो पुढे माणसं मारीत चालला असेल, तर झाडा. मीही झाडीन. पण आत कोण आहे ते ठाऊक नाही, त्यानं काय केलं ते ठाऊक नाही, आणि तरी झाडलीत, तर शिक्षा कशाची दिलीत? पळण्याची. पळण्याला मरणाची शिक्षा कुठल्या कायद्यात आहे, बापूसाहेब, तुम्ही कायद्याच्या कचेरीत आहात, मला दाखवा. माणूस भीतीनं पळतो. चोर पळतो, आणि बापाच्या धाकानं पोरही पळतं. पाठीवरून ओळखू येत नाही.”

बापूसाहेबांना असं उलट ऐकून घ्यायची सवय नव्हती. ते हसून म्हणाले, “फौजदार, निवृत्त माणसाला हे बोलायला सोपं आहे. तिथं तुमचा वसंता असता म्हणजे?”

“वसंतच होता,” फौजदार म्हणाले.

मंडपाच्या खांबाशी वसंत उभा होता, रात्रपाळी संपवून तसाच आलेला, गणवेशात. साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो वळून निघून गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सभा कुणी संपवलीही नाही. माणसं एकेक करून उठली.

त्या दुपारी फळीपलीकडे पहिल्यांदाच वसंतचा आवाज चढलेला ऐकला. “चार लोकांत मला उघडं पाडलंत. बाप आहात का कोण?” फौजदार म्हणाले, “बाप आहे म्हणूनच. जेव आधी.” तो जेवला नाही. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन महिन्याच्या आत माहीमला पोलिसांच्या खोल्यांत राहायला गेला. जाताना काकू जिन्यापर्यंत आल्या. फौजदार गॅलरीत उभे राहिले.

चौकशी झाली. त्या परिस्थितीत गोळी झाडणं योग्य होतं असं ठरलं. शरदची आई साक्षीला गेली, तिला कुणी काही विचारलंच नाही. वसंतला पुढे बढती मिळाली. काही घरांतून ‘नाव काढलंन पोरानं’ असंही ऐकलं, आणि वर ‘म्हातारा चळला’ हेही. संयुक्त महाराष्ट्र झाला त्या दिवशी वाडीत रोषणाई झाली, बापूसाहेबांनी पेढे वाटले. फौजदारांनी पेढा घेतला, पण बापूसाहेब ‘हुतात्म्यांमुळे’ म्हणू लागले तेव्हा त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वाक्य तिथंच राहिलं.

ते लालबागला जात राहिले. कधी म्हातारीचं औषध, कधी इस्पितळातल्या रांगेत तिच्यासाठी उभं राहणं. वसंतला कुणीतरी कळवत असणार. तो कधी तिकडे गेला नाही.

काही वर्षांनी फौजदार झोपेतच गेले. वसंत आला, त्यानं सगळं यथासांग केलं. चंदनवाडीत चितेसमोर तो शांत उभा होता, आणि मला तो शांतपणा सहन होईना. मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, “त्या मुलाचं नाव तरी आठवतं का तुला?”

त्यानं नाव सांगितलं, आडनावासकट. आईचं नाव सांगितलं. चाळ सांगितली, मजला सांगितला.

“मग गेला का नाहीस?”

“बाबा जात होते ना,” तो म्हणाला.

मला वाटलं त्याच्या तोंडात मारावी. बापानं आयुष्याची शेवटची वर्षं ज्या जिन्यांवर घालवली, तेच जिने यानं स्वतःच्या नावावर जमा धरले होते. मी म्हटलं, “रविवारी माझ्याबरोबर चल.” तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. साध्या कपड्यांत.

खोलीचं दार एका तरुण बाईनं उघडलं. ती शेवटच्या दिवसांत म्हातारीच्या सोबतीला राहायला आलेली. म्हातारी गेल्याच पावसाळ्यात गावाला गेली आणि तिथंच वारली, असं तिनं सांगितलं. “तुम्ही कोण?”

वसंत माझ्याकडे पाहू लागला. मला त्याच्याकडूनच ऐकायचं होतं.

“गिरगावातले फौजदार यायचे ना,” तो शेवटी म्हणाला, “त्यांचा मुलगा.”

बाईचा चेहरा उजळला. “ते म्हातारे? म्हातारीला केवढा आधार होता त्यांचा. देवमाणूस हो. या, बसा, चहा ठेवते.” तिनं लगबगीनं सतरंजी अंथरली.

वसंत आत गेला आणि बसला. मी उंबऱ्याबाहेर थांबून होतो, आता बोलेल, निदान कप हातात यायच्या आधी बोलेल, म्हणून. बाई चहा घेऊन आली.

वसंतनं तो घेतला.