डावा कल्ला

सगळी गल्ली त्यांना फूटपट्टी म्हणायची. चाळीस वर्षं केस कापले, पण कुणाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा केसभर खाली उतरला नाही. आणि त्याचा तोरा केवढा! गिऱ्हाईक आरशात वाकलं की हे म्हणणार, "बघतोस काय? मोजून घे."

अशा माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की डावा डोळा काचबिंदूनं कधीच गिळलाय. उजव्यात काचबिंदू नि मोतीबिंदू, दोघंही मुक्काम ठोकून आहेत.

"दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये उरकू," बाई म्हणाल्या. "मोतीबिंदू काढून भिंग बसवायचं, आणि आतलं पाणी तुंबून दाब वाढतो, त्याला वाट करून द्यायची."

"म्हणजे कटिंग-दाढी एकाच बसणीला," फूटपट्टी म्हणाले. बाई हसल्या. यांनी मात्र पायात चप्पल सरकवायला घेतली. उरलेला एकुलता एक डोळा, तोही दुसऱ्याच्या पात्याखाली द्यायचा! घरी येऊन त्यांनी सरळ नकार दिला.

"चाळीस वर्षं लोकांनी तुमच्या वस्तऱ्याखाली गळे दिले," बायको म्हणाली. "त्यातला एक तरी पळाला का?"

गेले बिचारे ऑपरेशनला.

डोळ्यापुढचं धुकं फिटलं. काचबिंदूनं नेलेली डावी बाजू काही परत यायची नव्हती, ती मान वळवूनच बघायची. डोळा चोळायला सक्त मनाई. दीड महिन्यानं दुकान उघडलं, तर तीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक, निवृत्त पोस्टमास्तर, दारात हजर. खुर्चीत बसवून फूटपट्टींनी आरशात पाहिलं आणि त्यांचं टाळकंच सरकलं. पोस्टमास्तरांचा डावा कल्ला चांगलं अर्धं बोट खाली लोंबत होता.

"मी नाही म्हणून कुठल्या गाढवाकडे गेला होतास रे?"

"कुठं जाणार? तूच केलायस. दोन वर्षं असंच चाललंय."

"आणि बोलला नाहीस?"

"घरी गेलं की बायको सारखा करून द्यायची. गल्लीत सगळ्यांकडे हेच. या खेपेला मी तिला म्हटलं, राहू दे. तो बरा होऊन आला की त्याचा तोच करील."

फूटपट्टींचा डोळा भरून आला, पण हात लावायची सोय नव्हती. ते तसेच छताकडे बघत उभे राहिले. मग वस्तरा घेऊन खुर्चीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले.

"हलू नकोस," ते म्हणाले.