हात धरून काढलेली झोपडी

माझ्या भावाच्या घरात टीव्हीच्या वर एक झोपडी टांगलेली होती. मागे दोन डोंगर, मधोमध सूर्य, बाजूला नारळाचं झाड. इंदुरात नारळ सियागंजच्या बाजारात पोत्यांत दिसतो, झाडावर नाही, पण ते असो. खाली फ्रेममध्ये माझ्या भाचीचं नाव आणि वय, साडेतीन. ते चित्र पाहिलं की मला शिसारी यायची.

साडेतीन वर्षांचं पोर अशी सरळ रेघ मारतं होय? मी परदेशीपुऱ्यात बालवाडी चालवत होते. माझ्याकडे पोरं आधी कणीक मळायची, चिंचोके वेचायची, गेरूत बोट बुडवून फरशीवर वाटेल ते गिरबटायची. बोटांत जोर आला की खडू, पेन्सिल त्यानंतर. घाई केली की पोर पेन्सिल मुठीत आवळतं आणि मग ती सवय सुटता सुटत नाही.

भाऊ मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होता. मिल बंद पडली आणि त्याची सगळी आशा या पोरीवर येऊन बसली. मोठ्या इंग्रजी शाळेत तिची ॲडमिशन झालीच पाहिजे, असं त्याने डोक्यात घेतलं. त्यासाठी तिला स्नेहलतागंजातल्या एका नर्सरीत घातलं.

"तुझ्याकडे काय ताई, दिवसभर मिट्टीत हात! जमाना बदलला आता, जरा समझ ना," तो म्हणाला.

एकदा मी तिला आणायला लवकर गेले आणि खिडकीतून आत पाहिलं. टीचर एकेका मुलाची मूठ पकडून कागदावर झोपडी काढत होती. मुलं पंख्याकडे बघत होती. एकाचं नाक ओठांपर्यंत आलं होतं, ते पुसायला कुणाला फुरसत नव्हती. मी बोलले, तर म्हणते कशी, "दीदी, पेरेंट्स को दिखाना पड़ता है." असला किळसवाणा धंदा मी दुसरा पाहिला नाही.

भावाला सांगितलं, तर तो उखडला. "तू जळतेस ताई! चित्र सुंदर आहे की नाही, तेवढं बोल."

"सुंदर आहे. पण ते टीचरचं आहे," मी म्हटलं. त्यानंतर त्याने अबोलाच धरला. मी भाचीपुढे गेरूची वाटी ठेवून पाहिली. तिने नाक मुरडलं. "छी आत्या, गंदा!"

शाळेच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी वहिनी तापाने पडली होती, म्हणून मी सोबत गेले. तिथल्या मॅडमनी कोरा कागद आणि रंगीत खडू पुढे केले. "बेटा, कुछ भी बनाओ."

भाऊ खुशीत हसला. झोपडी तर ठरलेलीच होती. भाचीने शहाण्यासारखा लाल खडू उचलला, हात टेबलावरून मॅडमकडे लांब केला, सैल सोडला आणि थांबली.

"बनाओ ना, बेटा."

तिने हात आणखी पुढे सरकवला. "आप पकड़ो ना, मॅडम."

मॅडमना कळेना. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. भावाचा हात आपसूक टेबलावर आला, तिच्या मुठीपर्यंत गेला.

"आप नहीं, सर," मॅडम म्हणाल्या.

त्याने हात मागे घेतला. भाची अजून मॅडमकडेच बघत होती, आपली झोपडी कधी सुरू होते म्हणून.