पहिली पत्रिका देवाची

मी देवाशी भांडणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मी फार श्रद्धाळू असल्याचा कुणाचा गैरसमज व्हायला नको. डोंबिवली पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळी साडेपाचला कणीक मळायला घेते तेव्हापासून गावदेवीशी माझं बोलणं सुरू असतं आणि त्यात आभार कमी, तक्रारी जास्त. तरी दर मंगळवारी तिची ओटी भरल्याशिवाय मी केंद्राचं शटर कधी वर केलं नाही. गेल्या वर्षी मात्र दोन मंगळवार चुकवले, तेही मुद्दाम. त्याची ही हकीकत.

माझी एकुलती एक लेक जर्मनीत असते. तिला दिवस गेले तेव्हा ठरलं होतं की पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी करायचं, सहाव्या महिन्यात तिने इकडे यायचं. पण तिचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं आणि बराच वेळ पडून राहायला सांगितलं. जावई भला माणूस आहे, पण त्याला आईवडील नाहीत आणि दिवसभर तो कामावर. म्हणजे दिवसभर माझी पोर परक्या गावात एकटी, पलंगावर, हातात फोन धरून. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने उठून तिच्याकडे जायचं, असं मी जाहीर केलं आणि डिंक, अळीव, खारीक आणायला बाजारात गेले. व्हिसा नावाचा प्रकार मध्ये आहे, हे तेव्हा माझ्या खिजगणतीतही नव्हतं.

लेकीने फोनवर एकेक शब्द समजावून सांगितला. डब्यांच्या ऑर्डरी लिहायच्या वहीत मागच्या पानापासून मी तो माझ्या भाषेत उतरवून घेतला. व्हॅलिडिटी म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हा व्हिसा चालेल. ड्युरेशन ऑफ स्टे म्हणजे त्या तारखांच्या आत प्रत्यक्ष किती दिवस राहायचं. हे दोन एक नव्हेत, असं तिने तीनदा बजावलं. सिंगल एंट्री म्हणजे एकदा आत जाऊन बाहेर पडलं की संपलं. ट्रान्झिट म्हणजे वाटेत विमान बदलणं, त्या देशात शिरणं नव्हे. ओव्हरस्टे म्हणजे दिलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहणं. तो गुन्हा, पुन्हा व्हिसा मिळायची पंचाईत. त्या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या. शेवटी ती म्हणाली, “आई, आणखी एक. व्हिसा मिळाला म्हणजे आत घेतीलच असं नाही. तिथे उतरल्यावर इमिग्रेशनचा ऑफिसर ठरवतो.”

“म्हणजे एवढं सगळं करून दारातून परत पाठवायची सोय ठेवलीये होय?” मी चिडलेच. ती हसली आणि हसताना तिला धाप लागली. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

प्रूफ ऑफ रिलेशनशिप, म्हणजे नात्याचा पुरावा, हा शब्द तेवढा मी वहीत घेतला नव्हता. आईला लेकीची आई असल्याचा पुरावा कसला मागताय? तिचा जन्मदाखला फाइलीत लावला की झालं, असं मी धरून चालले होते. नेमकं तिथेच अडलं. व्हिसाचे अर्ज घेतात त्या मुंबईतल्या कार्यालयात काचेपलीकडच्या मुलीने माझा पासपोर्ट आणि तो दाखला शेजारी शेजारी ठेवला, दोनदा पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, दाखल्यावर आईचं नाव वेगळं आहे. तुम्ही सावत्र आई आहात का?”

ती मुलगी वाईट नव्हती. तिने समोर दिसलं तेच विचारलं. पण सावत्र हा शब्द मला झोंबला. झालं होतं ते असं. लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने त्यांवर नवं नाव काढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी एका मिनिटात दुसरीच कुणीतरी झाले. वर्षभराने पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी गेले, चिपळूणजवळच्या आमच्या गावी. जन्माची नोंद करायला माझा भाऊ गेला. त्याला बहीण ठाऊक होती ती जुन्या नावाची, त्याने तेच सांगितलं आणि पुढे यांचं नाव न् आडनाव लावून ते वहीत चढलं. दाखला तसा, म्हणून लेकीच्या पासपोर्टवरही तसंच. माझं रेशन कार्ड, आधार, पासपोर्ट मात्र तांदळातल्या नावाने. कागदांच्या हिशेबी यांना दोन बायका होत्या, आणि जिने पोर जन्माला घातली ती मी नव्हते. ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही; त्यांनी मला पुरेसं छळलंय.

पंधरा दिवसांत दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा कागद आणून दिला तर हाच अर्ज पुढे जाईल, असं त्या मुलीने सांगितलं. नाहीतर नकाराची शक्यता धरूनच पाठवावा लागेल. नकार आला तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा वाट. आणि लेकीची तारीख सात आठवड्यांवर आलेली. आमच्या लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. यांना जाऊन सहा वर्षं झाली, भाऊ त्याच्याही आधी गेला. लग्नाचे फोटो आणि उरलेल्या पत्रिका जुन्या तळमजल्यावरच्या खोलीत एका पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हाच लगदा झाल्या होत्या. शाळेच्या दाखल्यावर जुनं नाव होतं, पण ते वडिलांच्या नावापाशी थांबलेलं.

त्या मंगळवारी मी देवळात गेले नाही. पुढच्याही नाही. गावदेवीला म्हटलं, एवढ्या वर्षांत तुझ्या ओटीत किती तांदूळ घातले असतील मी, आणि तांदळातल्याच नावाने मला माझ्या लेकीपासून तोडलंस. आता बस तशीच. पोळ्या करपायला लागल्या, गिऱ्हाइकांवर मी खेकसायला लागले. फोनवर मात्र लेकीला म्हणायची, होतंय गं सगळं, तू नीट जेव. तिला काही झालं आणि मी इथे पिठाच्या डब्याशी उभी असले तर, हा एकच विचार दिवसभर डोक्यात घोळत राहायचा.

अकराव्या दिवशी दुपारी कल्याणला कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र करायला गेले. टाइप करणाऱ्या गृहस्थांनी मजकूर भराभर घातला आणि मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, “बाई, हे तुमचंच म्हणणं तुम्हीच सांगताय. जुनं नाव आणि नवऱ्याचं नाव एकत्र असलेला एखादा त्या वेळचा कागद जोडा. त्याशिवाय याला वजन नाही.” एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी चारचौघांत रडले. बाकड्यावर बसून, पदर तोंडाला लावून.

शेजारी लुगडं नेसलेली एक म्हातारी बसली होती. इथल्याच गावातली असावी. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत सातबाऱ्याचे कागद. तिने माझी सुटी पानं उडू नयेत म्हणून त्यांवर आपला हात ठेवला आणि विचारलं, “काय गो बाय, रडतंस कनाला?” मी सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. सख्ख्या शेजारणीलाही सांगितलं नव्हतं. ऐकून ती म्हणाली, “मनापन दोन नावां हान. बापाच्या जमिनीवर येगलं, नवऱ्याच्या येगलं. म्हनून तं बसलंय इथं.” मग विचारलं, “लग्नाची पयली पत्रिका देवाला ठेवतान ना? मंग ती देवाकरंच असंल. तुमचं देव कोनाकरं हान?”

इतका वेळ मी जी गोष्ट मनात येऊच देत नव्हते, ती तिने सरळ विचारली. आमचे देव ठाण्याला माझ्या थोरल्या जावेकडे आहेत. देव थोरल्याकडे जातात, ही आमच्याकडची रीत. नऊ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा ती लाकडी पेटी जाऊबाईंकडे गेली, आणि मी, जिने त्यांचं शेवटचं सगळं आजारपण काढलं होतं, चार माणसांत म्हणाले होते, “देव काय तुमच्या नावावर करून दिलेत?” त्यानंतर बोलणं बंद. हे गेले तेव्हा जाऊबाई तेराव्याला आल्या होत्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

म्हातारीला आतून हाक आली म्हणून ती उठली. जाताना माझी पानं सारखी करून माझ्या हातात दिली. मी आभारही मानले नाहीत.

कल्याणहून ठाण्याची बस शीळफाट्याला अडकली. एरवी मी कंडक्टरशी हुज्जत घातली असती. त्या दिवशी वाटत होतं की बस इथेच राहिली तर बरं. जाऊबाईंना पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी दहा वेळा जुळवलं. एकही धड होईना. काम पडलं म्हणून आलीस, असं त्या म्हणाल्या तर ते खरंच होतं.

दार त्यांनीच उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते. मला बघून म्हणाल्या, “ये. चहा टाकते.” मी चपला न काढताच बोलून मोकळी झाले, “वहिनी, माझं चुकलं. तेव्हाही चुकलं आणि तेराव्यालाही चुकलं.” जुळवलेल्यातलं एकही वाक्य हे नव्हतं.

“चपला काढ आधी,” त्या म्हणाल्या.

चहा घेता घेता सगळं ऐकलं, आणि एक शब्दही न टोचता त्यांनी हातपाय धुऊन देवांची पेटी खाली घेतली. त्या ती फक्त नवरात्रात उघडतात. देवांचे टाक एकेक करून पाटावर ठेवले. तळाशी लाल दोऱ्याने बांधलेली जुडी होती. घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका सासूबाईंनी कुलदेवीपुढे ठेवून तिथेच जपली होती. जाऊबाईंची, नणंदेची, आणि माझी. कडा हळदीने पिवळ्या झालेल्या, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. माझं जुनं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आणि यांचं पूर्ण नाव, एकाच कागदावर. मला पुढचं दिसेनासं झालं.

“तुझ्या नावाचे तांदूळ मीच निवडलेले,” जाऊबाई म्हणाल्या. “मला तुझं आधीचंच आवडायचं. पण मला विचारतंय कोण तेव्हा!”

दुसऱ्या दिवशी गुडघे धरत त्या स्वतः कल्याणला आल्या. लग्न डोळ्यांनी पाहिलं, नाव बदलताना पाहिलं, या दोन्ही नावांची बाई ही एकच, असं त्यांनी आपल्या नावाने लिहून दिलं. पत्रिका, त्यांचं आणि माझं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, यांच्या नावाखाली माझं नाव असलेलं जुनं रेशन कार्ड, सगळं एकत्र लावून मुदतीच्या एक दिवस आधी मी दिलं. त्या म्हातारीला मी त्या दिवशीही शोधलं. टाइप करणारे म्हणाले, “इथे अशा रोज दहा येतात, कुणाला लक्षात ठेवणार?” ती कोण होती याबद्दल मी काही म्हणत नाही. तिच्या जमिनीचं काम झालेलं असो, एवढं मात्र रोज म्हणते.

तो आठवडा आणि पुढचाही मी फोनची रिंग वाजली की दचकायची. मंगळवारी देवळात गेले. ओटी भरली, पण मागायला तोंड होईना. नुसतं म्हटलं, मला जमले ते कागद दिलेत. बाकी तू बघ. मागण्याशिवाय मी तिच्यासमोर इतका वेळ कधी उभी राहिले नव्हते.

व्हिसा आला. वही उघडून मी त्यावरचा एकेक शब्द ताडून पाहिला. चालण्याची मुदत एकशे पाच दिवसांची, पण राहायची परवानगी नव्वद. ट्रॅव्हलवाल्याने मुदतीकडे बघून परतीचं तिकीट शहाण्णवाव्या दिवसाचं ठरवलं होतं. मी वहीतल्या दोन रेघा त्याला दाखवल्या आणि तारीख बदलून घेतली. तो म्हणाला, “मावशी, तुम्ही तर एक्स्पर्ट झालात!” मनात म्हटलं, बाबा, त्यासाठी काय काय सोसलंय ते तुला नको सांगायला.

तिथल्या इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिले. सगळे कागद छातीशी धरले होते, पत्रिकेची प्रत सगळ्यात वर. आता यांनी परत पाठवलं तर माझ्या हातात काही नाही, हे लख्ख कळलं. आणि सांगते, इतक्या दिवसांत तिथे पहिल्यांदा मला हलकं वाटलं. अधिकाऱ्याने विचारलं कशासाठी, किती दिवस. मी पाठ केलेलं इंग्रजी उत्तर दिलं. त्याने कागद मागितलेच नाहीत. शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

बारा दिवसांनी नात झाली. बीपी अखेरपर्यंत वर-खाली होत राहिलं, पण दोघी सुखरूप. लेकीच्या कपाळावर हात ठेवून मी त्या खोलीत उभी होते, एवढंच मला हवं होतं. नातीच्या जन्मदाखल्याचा अर्ज भरताना मी जावयाच्या डोक्यावर उभी राहून प्रत्येक नाव पासपोर्टशी ताडून घेतलं. तो हसत होता, हसू दे. माणूस या जगात थोड्या दिवसांच्या व्हिसावर आलेला असतो, असलं काही मी सांगणार नाही, ते कुणीतरी व्हॉट्सॲपवर आधीच पाठवलं असेल. मला कळलं ते इतकंच की कागद जमवणं माझ्याकडे आहे, दार उघडणं माझ्याकडे नाही. आणि कधी कधी नेमका हवा तो कागद आपणच बंद केलेल्या दाराआड असतो.

परत आल्यावर पहिला पेढा घेऊन ठाण्याला गेले. मूळ पत्रिका परत दिली. जाऊबाईंनी ती देवापुढे ठेवली, मग माझ्याकडून नातीचा फोटो घेतला आणि मागे पेनाने सावकाश लिहू लागल्या. बाळाचं नाव, आईचं नाव, आणि त्याखाली आजीची दोन्ही नावं, जुनं आधी.

“राहू दे पेटीत,” टाकांखाली फोटो सरकवत त्या म्हणाल्या. “उद्या हिलाही कुणीतरी विचारेल, ही तुझी आजी कशावरून?”