वकिलाचा पॉइंट

पंचानं आपल्या बाजूनं निकाल दिला तरी त्याच्याशी भांडत बसणारा टेनिसपटू मी आयुष्यात एकच पाहिला. पॉइंट याला मिळालेला असायचा, समोरचा मान खाली घालून निघालेला असायचा, आणि आमचा गडी पंचाच्या उंच खुर्चीखाली हात नाचवत उभा. ‘‘साहेब, बॉल बाहेर होता. माह्या डोळ्यानं पाह्यला. पॉइंट त्याले द्या.’’ आपल्या विरुद्ध चुकीचा निकाल गेला तरी भांडण तेवढंच, आवाज तोच. म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे. दोन्ही पक्षांचं वकीलपत्र एकाच वेळी घेणारा असा वकील कोर्टकचेरीत सुद्धा सापडायचा नाही.

वकील कारध्याचा, ढिवराच्या घरातला. आई वैनगंगेची मासळी पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात आणायची. वडील अधिकाऱ्यांच्या क्लबातलं टेनिसचं कोर्ट राखायचे. कोर्ट म्हणजे तलावाचा गाळ टाकून, चोपून, वर शेणानं सारवलेलं अंगण. त्याच अंगणात तो आणि मी खेळायला शिकलो. माझे वडील कचेरीत कारकून असल्यामुळे मला आत शिरता यायचं एवढंच. खेळ त्याच्या अंगात होता. माझ्या अंगात फक्त हौस होती, हे मला लवकर कळलं आणि मी त्याचा जोडीदार, हमाल आणि सोबती होऊन त्याच्याबरोबर हिंडू लागलो.

त्या कोर्टावर पंच नव्हता, पण कायदा होता. बॉल रेषेजवळ पडून वाद झाला की ज्यानं तो मारला त्यानं जाळी ओलांडून पलीकडे जायचं. सारवलेल्या जमिनीवर बॉलचा ठसा उमटलेला असे. दोघांनी त्याच्यापाशी उकिडवं बसायचं, बोटानं भोवती गोल काढायचा आणि जे दिसेल ते बोलायचं. समोरच्यानं बोलावलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर तुम्ही खोटे. साहेब बदलून जात, नवे येत, पण हा कायदा कुणी बदलला नाही. एकदा एका मोठ्या साहेबांनी कौतुकानं याला पॉइंट देऊन टाकला. हा शेंबडा पोरगा त्यांना हात धरून ठशापाशी घेऊन गेला आणि म्हणाला, ‘‘तुमचा बॉल आत हाये. दया कायले करता?’’ साहेब हसले. वकिलाचे वडील मात्र घामाघूम झाले होते.

पुढं तो व्यावसायिक स्पर्धा खेळू लागला. टीव्हीवर दिसतात त्या नव्हेत. त्या शिडीची अगदी खालची पायरी. आधी पात्रता फेरीतून वर यायचं, मग मुख्य स्पर्धेत पहिली मॅच जिंकायची, तेव्हा कुठं रँकिंगचा एक पॉइंट मिळतो आणि जगाच्या यादीत शेवटाकडे का होईना, तुमचं नाव लागतं. वकिलाला तो एक पॉइंट हवा होता. बाकी काही नाही. ‘‘मले चांपियन नाही बनायचं बे. यादीत नाव पाहिजे. कारध्याचा मानूस होता म्हणून कोनाले तरी दिसलं पाहिजे.’’ त्यासाठी आम्ही धर्मशाळांत राहिलो, नळाखाली शर्ट धुऊन ओलेच घातले, आणि दर आठवड्याला हरून परत आलो. पात्रता फेरीत हरला नाही तर मुख्य स्पर्धेच्या पहिल्या मॅचमध्ये हरायचा.

त्या दुनियेत सगळेच जिवावर उदार झालेले. रॅकेटी आपटणारे, पायात गोळा आल्याचं नाटक करून समोरच्याची लय मोडणारे, रेषेवरचा बॉल सर्रास बाहेर म्हणणारे. पण ते सुद्धा वकिलाला मानत. सरावाच्या मॅचमध्ये वाद झाला तर बाजूच्या कोर्टावरून ओरडून याला विचारत, आणि हा म्हणेल ते खरं धरून चालत. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. असल्या भल्या माणसाला एक पॉइंट द्यायला देवाच्या बापाचं काय जात होतं?

मग ती मॅच आली. मातीचं कोर्ट, मुख्य स्पर्धेची पहिली फेरी, समोर मानांकन असलेला परदेशी खेळाडू. वकील त्या दिवशी असा खेळला की शेजारच्या कोर्टांवरचे लोक येऊन उभे राहिले. तिसऱ्या सेटमध्ये पाच-सहा, सर्व्हिस वकिलाची, तीस-पंधरा. एवढा गेम घेतला की टायब्रेकर, आणि समोरच्याच्या मांड्या खऱ्याच आखडलेल्या. मी देवाचं नाव घेत होतो. फक्त एक गोष्ट वाईट होती: त्याला दोनदा शिक्षा झाली होती. एकदा, चुकून मिळालेला पॉइंट परत घ्या म्हणून तो अडून बसला तेव्हा ताकीद. दुसऱ्यांदा, चिडून बॉल कोर्टाबाहेर भिरकावला तेव्हा एक पॉइंट गेला. तिसऱ्या चुकीला अख्खा गेम जातो.

वकिलानं फोरहँड मारला. बॉल पलीकडच्या रेषेवर पडला. पंच म्हणाला, आत. समोरचा भडकला, ठशापाशी उभा राहून रॅकेटनं जमिनीकडे दाखवू लागला. वकिलाला वाटलं, हा बोलावतो आहे. बोलावलं की जायचं, तो गेला. जाळीला वळसा घालून तो पलीकडे पोचेपर्यंत मी जागेवरून ओरडत होतो, ‘‘जाऊ नको बे, वापस ये!’’ त्याला ऐकूच आलं नाही. तो ठशापाशी उकिडवा बसला, बोटानं गोल काढला आणि हसून वर बघत म्हणाला, ‘‘हे पाह्य. रेषेले लागून हाये.’’ प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला जाणं हा व्यावसायिक टेनिसमध्ये गुन्हा आहे. पंचानं खुर्चीतून तिसरी शिक्षा सुनावली. गेम गेला, म्हणजे सेट गेला, म्हणजे मॅच गेली. वकील बराच वेळ तसाच बसून होता. बॉल आत होता, पंचही आत म्हणाला होता, आणि आम्ही हरलो होतो.

त्यानंतर वकिलाला वेडच लागलं म्हणायचं. तो तिशीला टेकला. गुडघा सुजलेला, रोज पट्टी बांधून उतरायचा. वडील गेले. आई मला बाजारात गाठून विचारायची, ‘‘बाबू, त्याले एक पॉइंट भेटल तं तो घरी येईल ना?’’ मी येईल म्हणायचो. मी त्याला सोड म्हणालो तर तो अंगावर यायचा. ‘‘सोडू काहून? मी हारलो नाही. मले उठवून लावलं.’’ पूर्वी हरल्यावर तो जेवायचा, आता भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला त्याची भीती वाटू लागली होती.

शेवटची स्पर्धा सिमेंटच्या कोर्टावर होती. सिमेंटवर ठसा उमटत नाही. वकील पात्रता फेरीतून वर आला आणि पहिल्या मॅचमध्ये समोर दुसरा मानांकित, उत्तरेकडचा एक तरणा, गुणी मुलगा. सुजलेल्या गुडघ्यावर वकील त्याला हरवेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण तो हरवत होता. वकिलाचा मॅच पॉइंट आला. मुलानं जीव खाऊन मारलेला बॉल वकिलाच्या पायाशी, रेषेवर पडला. रेषेवर. मी समोरच बसलो होतो. पंच म्हणाला, बाहेर.

मी वकिलाच्या हाताकडे पाहत राहिलो. आता हा हात वर करणार, आता खुर्चीकडे निघणार. तो मुलगाही त्याच्याकडेच पाहत होता. पंचाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. वकील रॅकेटच्या तारांकडे बघत उभा होता. मग मुलानं मान डोलावली, जाळीपाशी आला, हात पुढं केला आणि म्हणाला, ‘‘भैया, मुझे तो अंदर लगा था. पर आप चुप थे, तो बाहर ही होगा.’’

वकिलानं हात मिळवला.

यादीत नाव लागलं. तिकडे कारध्याच्या पुलापाशी पोरांनी त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावला. आम्ही परत आलो तेव्हा वकिलानं रिक्षा थांबवली, खांबावर चढून दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्सची घडी घालून आईच्या हातात दिली. आईला वाटलं, जपून ठेवायला दिला. पुढच्या फेरीची मॅच त्यानं गुडघ्याचं कारण देऊन सोडलीच होती. तो आता घरी होता, आईला हवा होता तसा. जेवायचा, मासळीची जाळी विणायचा, पहाटे डोंगा घेऊन नदीत जायचा. भांडायचा मात्र कुणाशीच नाही. बाजारात कुणी आईला वजनात फसवलं तरी गप्प. त्याची आई मला म्हणाली, ‘‘हा माहा पोरगा नोहे.’’

रँकिंगचा पॉइंट वर्षभर टिकतो, मग आपोआप गळतो आणि दुसरा मिळवला नसेल तर नावही जातं. बाकीचे खेळाडू त्या दिवसाला मरणासारखे भितात. वकील ताप उतरायची वाट पाहावी तशी त्याची वाट पाहत होता. ज्या सोमवारी नाव गेलं त्या सकाळी मी बाजारात नव्यानं टाकलेलं दुकान उघडत होतो, तेव्हा त्याचा फोन आला. ‘‘गेला बे. सुटलो.’’ आवाज पूर्वीसारखा हलका होता. मी म्हटलं, ‘‘मग ये ना क्लबातल्या कोर्टावर. आज दुकान बंद ठेवतो. दोघंच खेळू.’’



‘‘तो सिमेंटवरचा पोट्टा त्या दिवसापासून मले मानून राह्यला,’’ तो म्हणाला. ‘‘काल बी त्याचा फोन होता. त्याच्या मॅचमंदी वाद झाला म्हने. मले विचारून राह्यला, भैया, तुम्ही असते तर काय केलं असतं?’’

‘‘मग तू काय सांगितलंस?’’

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर वकील कोर्टावर कधीच आला नाही.