समक्ष पाहिले

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा आहे, पिठाच्या गिरणीच्या बरोबर समोर. पाणी कधी सुटणार, लसीकरण कुठल्या दिवशी, कुणाची म्हैस हरवली, असलं काहीबाही वर्षभर त्यावर लिहिलेलं असतं. पण मार्गशीर्षाच्या आगेमागे एखाद्या सकाळी त्यावर एवढंच असे: 'तलावावर पाहुणे आले. समक्ष पाहिले.' खाली सही नसायची. अक्षर गावाला माहीत होतं. ते माझ्या यजमानांचं होतं.

ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अलीकडचं. इथं घरटी एक माणूस फौजेत. एखाद्या घरात कुणीच नसेल, तर सोयरीक बघायला आलेले लोक हळूच विचारतात, काय अडचण होती? मी मात्र सांगलीची, कृष्णेच्या घाटाजवळ वाढलेली, नंतर शाळेत मराठी शिकवणारी. लहानपणापासून चष्मा. थंडी पडली की घाटाच्या पायऱ्यांवर शेपूट हलवत फिरणारा धोबी पक्षी तेवढा मला ओळखता यायचा. बाकीची पाखरं मी पुस्तकात पाहिली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते एकदा तलावाकडून झपाझप घरी आले. चहा समोर ठेवला तरी त्याकडे लक्ष नाही.

"आमच्या पोस्टवरची इथं आलीत," म्हणाले.

मला वाटलं, जुने सोबती आले. मी आधण वाढवायला उठले, तर म्हणाले, माणसं नव्हेत, पाखरं. लडाखमध्ये त्यांची पोस्ट एका तळ्याच्या वर होती. उन्हाळ्यात त्या तळ्याकाठी हंसासारखी पाखरं पिल्लं घालायची आणि थंडीची चाहूल लागली की पोस्टवरून दक्षिणेकडे निघून जायची. "आम्हाला तिथं दहा पावलं टाकून श्वासाला थांबावं लागायचं, आणि ही वरनं गप्पा मारत जायची," ते सांगत. कुठं जातात, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याच गावाला जातात हे कळल्यावर त्यांचा चेहरा मुलगा परीक्षेत पहिला आल्यावर बापाचा होतो तसा झाला होता.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे होतं. ते मांडीवर घेतलं आणि विचारायला सुरुवात केली. बदकापेक्षा मोठं की लहान? चोचीचा रंग? पाय? उडताना मान कशी? डोकं पांढरं म्हणता, मग त्यावर काही खूण होती की नव्हती?

"होती. मागं दोन काळ्या पट्ट्या. एक रुंद, एक बारीक."

"कुठून कुठपर्यंत?"

"अहो मास्तरीणबाई, कर्नलसाहेबांनीसुद्धा कधी इतकं खोदून विचारलं नव्हतं."

पण त्यांनी सगळं सांगितलं. पान सापडलं: पट्टकादंब. तेव्हापासून आमच्या घरात ही रीत पडली. बघायचं त्यांनी, विचारायचं मी, आणि नाव दोघांचं एकमत झालं तरच पक्कं. नाहीतर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तलावावर जात. ऐकीव रिपोर्ट चालत नाही, हा त्यांचा नियम. पुस्तकात दिसल्याशिवाय मान्य नाही, हा माझा. मी त्यांच्याबरोबर तलावावर गेलेही काही वेळा, पण माझ्या नजरेला पाण्यावर करडे ठिपके दिसत. त्यांना मात्र त्या ठिपक्यांचे पायसुद्धा दिसत.

फळ्यावरच्या ओळीमुळे गावात बऱ्याच गोष्टी हलत. पाणी उतरलं की तलावाच्या काठच्या गाळात लोक हरभरा पेरतात. पाखरं पहाटे तो कोवळा हरभरा खायला उतरतात. ओळ उमटली की त्या बाजूची कुत्री बांधली जात, वरातीचे फटाके तलावाच्या बांधाच्या अलीकडेच उडवले जात, आणि पाण्याकडची शेवटची पट्टी राखायला कुणी जात नसे. "खाऊ द्या, पेन्शनर हायती," असं म्हणत. गिरणीवाले हवालदार, यांचे बालमित्र, तर रोज विचारायचे, "सुभेदार, तुमचं पेन्शनर कवा येनार?" साताऱ्याहून, सांगलीहून दुर्बिणी घेतलेली मंडळी येत, तीही आधी गिरणीत फोन करून फळ्यावर काय लिहिलंय ते विचारत. इतक्या हिवाळ्यांत तो फळा एकदाही खोटा ठरला नाही. या गोष्टीचा मला जितका अभिमान वाटे, तितका त्यांच्या मेडलांचा वाटला नाही. मेडलं त्यांची एकट्याची होती.

या श्रावणात ते गेले. दुखणं फार झालं नाही. सकाळी बांधावर फिरून आले होते.

दिवाळीला मी आकाशकंदील लावला नाही. शेजारणींनी फराळ आणून दिला, तो डब्यांतच राहिला. दुर्बीण दाराजवळच्या खिळ्याला होती. तिच्या उजव्या भिंगाखालचं कडं त्यांनी आपल्या नजरेला जुळवून घेतलं होतं, आणि ते हलू नये म्हणून त्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी धूळ पुसायचे ती पट्टीला हात न लावता. वर्षभर घराबाहेर फारसं पडायचं नाही अशी आमच्याकडे पद्धत आहे. ती मला सोयीची वाटत होती.

मग अंगणात धोबी आला. नळापाशी सांडलेल्या पाण्यात शेपूट हलवत हिंडू लागला. सांगणार कुणाला?

त्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाई दुखवटा घेऊन आल्या. लुगडं, खण, आणि डब्यात सांज्याच्या पोळ्या. आल्या आल्या म्हणाल्या, "किती वाळलीस गं! उद्या म्हसवडला नाथाचं दर्शन घेऊ. मग तोंड गोड कर आन् माणसात ये."

मी हो म्हणाले. त्यांना नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात गिरणीवाले हवालदार दारात आले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, एक सांगायचं हुतं. पाव्हनं आलं. म्या फळ्यावर लिवलं. सुभेदार लिवायचे तसंच."

मी विचारलं, "तुम्ही पाहिलेत?"

"व्हय, बांधावनं. पान्यात बसल्याती."

"अंगाचा रंग?"

"आं?"

"रंग, हवालदार."

"ईटंवानी. भगवा म्हना की."

"डोकं?"

"पांढरट."

"त्यावर पट्ट्या?"

"आवं बाई, बांधावनं पट्ट्या कशा दिसत्याल! मी काय सुभेदार हाय व्हय?"

"जोडीजोडीनं होती का?"

"व्हय, जोड्याच हुत्या. लय ग्वाड दिसत हुत्या."

विटेसारखा रंग, फिकं डोकं, जोड्या. ते चक्रवाक होते. सुंदर पाखरू आहे, तेही लांबून येतं, पण ते पट्टकादंब नव्हे. पट्टकादंब करडा असतो. मी हे सांगितलं तेव्हा हवालदारांचा चेहरा पडला.

"पाव्हनं ते पाव्हनंच की, बाई. तुमाला बरं वाटावं म्हनून लिवलं."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला फळा दिसत होता. त्यावर 'समक्ष पाहिले' असं लिहिलेलं होतं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं होतं ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. उद्या सांगलीहून कुणी येईल, बांधावर उभं राहील आणि म्हणेल, सुभेदार गेले, आता इथलं काही खरं नाही. फळा एकदा खोटा निघाला की पुढं खरं लिहूनही उपयोग नव्हता. कुत्री सुटली असती, फटाके पाण्यापर्यंत गेले असते. ते गेले, त्याला माझा इलाज नव्हता. या गोष्टीला होता.

मी खिळ्यावरची दुर्बीण काढली.

"आक्का, आधी तलावावर जाऊ," मी जाऊबाईंना म्हणाले.

"आन् नाथ?"

"नाथाला घाई नाही."

जाऊबाई पदर खोचून म्हणाल्या, "चल. दोघांची खोड एकच."

बांधावर वारा होता. मी चष्मा काढून दुर्बीण डोळ्यांना लावली. डावीकडे काहीतरी दिसलं, उजवीकडे नुसता धुरळा. मधलं चाक फिरवून पाहिलं, तरी उजवीकडचं काही जमेना. ते कडं त्यांच्या डोळ्याला बसलेलं होतं. माझ्या डोळ्याला बसवायचं तर चिकटपट्टी काढावी लागणार होती. एकदा कडं हललं, की त्यांची जागा नेमकी कुठं होती हे मला परत कधी सापडणार नव्हतं.

जाऊबाई शेवटी म्हणाल्या, "काय गं, दिसंना का?"

"दिसत नाही."

"मग काय उपेग त्याचा?"

मी नखानं पट्टीचं टोक सोडवलं. ती सहज निघाली. तिच्याखालचा काळा रंग नवा कोरा होता. कडं फिरवलं, थोडं अलीकडे, थोडं पलीकडे, आणि एकदम पाण्यावरचा प्रत्येक पक्षी आपापल्या रंगात उभा राहिला. विटकरी अंग, फिकं डोकं. एक उडाला, तेव्हा पंखांतला पांढरा तुकडा चमकला. चक्रवाक. सगळे चक्रवाक. एकही पट्टी नाही.

आम्ही गिरणीपाशी आलो. मी हवालदारांसमोरच त्यांची ओळ पुसली आणि लिहिलं: 'चक्रवाक आले. समक्ष पाहिले. पट्टकादंब अजून नाहीत.' अक्षर सरळ आलं. दळणाला आलेले दोघे वाचत होते. त्यातला एक म्हणाला, "न्हाई आलं त्येबी लिवायचं व्हय?"

"लिहायचं," मी म्हणाले.

नाथाचं दर्शन राहिलंच. जाऊबाई मुक्कामाला थांबल्या, कुरकुरल्या, पण रोज पहाटे माझ्याबरोबर बांधावर आल्या. "फौजेत भरती केलंस मला म्हातारपनी," म्हणत आणि शेंगा फोडत बसत. काही दिवस नुसतं धुकं आणि चक्रवाक.

मग एका सकाळी आवाज आधी आला. नाकातून काढल्यासारखा, माणसं लांबून बोलत येतात तसा. उत्तरेकडून एक रांग वाकडी होत आली, तलावावरून फिरली आणि हरभऱ्याच्या शेवटच्या पट्टीत उतरली. मी दुर्बीण लावली. करडं अंग. पिवळी चोच, टोकाला काळी. पाय नारिंगी. पांढरं डोकं, मागं दोन काळ्या पट्ट्या, वरची डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, खालची त्याहून आखूड. हे सगळं मी मोठ्यानं म्हणत होते, ते जाऊबाईंनी सांगितल्यावर मला कळलं.

फळ्यापाशी हवालदार खडू घेऊन उभेच होते. पण त्यांनी तो दिला नाही. पाठीमागे हात बांधून त्यांनी विचारलं, "अंगाचा रंग?"

"करडा."

"च्योच?"

"पिवळी. टोक काळं."

"डोस्क्यावर पट्ट्या किती?"

"दोन."

"बांधावनं दिसल्या?"

"दिसल्या."

गिरणीतली माणसं हसत होती. हवालदारही हसू दाबत होते, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी खडू माझ्या हातात ठेवला. मी लिहिलं: 'तलावावर पाहुणे आले. समक्ष पाहिले.'

"खाली सही करा, बाई. अक्षर येगळं हाय. लोकं इचारत्याली कुनाचं म्हनून."

"विचारू द्या," मी म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत ओळखायला लागतील."

समोरच्या घरातल्या माणसानं न सांगता आपलं कुत्रं आत नेलं आणि साखळी लावली. जाऊबाईंनी पिशवीतून डबा काढला. आदल्या संध्याकाळी त्यांनी सांज्याच्या पोळ्या पुन्हा केल्या होत्या. तिथंच, खडूच्या हातानं, मी एक खाल्ली.